खोलीतलं सेस्ना : सिम्युलेटरचं कॉकपिट घरी कसं आखावं

संगणकावरचं विमान आधी की-बोर्डने उडवलं, मग जॉयस्टिकने, की तिसरा टप्पा ठरलेला असतो. आत शिरून बसता येईल असं कॉकपिट आपल्याच खोलीत हवं असं वाटू लागतं. मग एअरबसचे फोटो जमवले जातात, छतावरच्या पॅनेलची बटणं मोजली जातात आणि प्लायचा पहिला तुकडा कापण्याआधीच उत्साह संपतो. काहींचं काम पुरं होतं, पण बनतो तो देखावा. लांबून पाहायला झकास, आत बसून उडवायला अवघड.

हे टाळायचं तर एक नियम धरून चाला. कॉकपिटमधला तपशील फोटोवरून ठरवू नका, हाताच्या वाटेवरून ठरवा. न बघता हात जिथे जातो तिथे मिलिमीटरचा हिशेब ठेवा. हात जिथे कधीच जात नाही तिथे रंगवलेला पुठ्ठाही चालतो.

सिम्युलेटरचा इतिहासही याच नियमाच्या बाजूने आहे. अमेरिकेत बिंगहॅम्टन इथे एडविन लिंक यांच्या वडिलांचा ऑर्गन बनवण्याचा कारखाना होता. तिथल्या भात्यांचं आणि पंपांचं तंत्र वापरून लिंक यांनी १९२९ मध्ये आपला ट्रेनर उभा केला. लाकडी धड, आखूड पंख आणि वर बंद होणारं झाकण. बाहेरचं दृश्य शून्य. पण आतले काटे हातापायांच्या हालचालींना उत्तर देत, आणि तेवढ्यावर पुढे दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक ढगातून उडायला शिकले.

कोणतं विमान घ्यावं

जे विमान जवळपास प्रत्यक्ष उडतं तेच निवडा. आमच्या वर्धा जिल्ह्यात प्रवासी विमानतळ नाही, पण नागपूरचा सोनेगाव विमानतळ वर्ध्याहून सरळ रेषेत साठेक किलोमीटरवर आहे. नागपूर फ्लाइंग क्लबच्या ताफ्यात सेस्ना १५२ आणि १७२ ही विमानं राहिली आहेत. गोंदियाजवळ बिरसीच्या धावपट्टीवर नॅशनल फ्लाइंग ट्रेनिंग इन्स्टिट्यूट आहे. तिथल्या डायमंड विमानांत काट्यांच्या डायलऐवजी गार्मिन जी१००० चे पडदे असतात.

पडद्यांचं कॉकपिट वरवर सोपं वाटतं. प्रत्यक्षात जी१००० च्या प्रत्येक पडद्याभोवती कळांच्या रांगा आणि एकात एक बसवलेले दुहेरी नॉब असतात. ते हाताने बनवणं किचकट आणि विकत घेणं महाग. म्हणून पहिल्या कामासाठी सेस्ना १५२ घ्यावं. १९७७ ते १९८५ या काळात या विमानाच्या सात हजारांहून अधिक प्रती बनल्या आणि जगभर शिकाऊ वैमानिक त्यावर घडले. शेजारी-शेजारी दोन आसनं आणि एक लायकमिंग इंजिन. चाकं आत जात नाहीत, पंख्याच्या पात्यांचा कोन बदलत नाही, त्यामुळे त्यांचे दांडे बनवण्याचं कामच उरत नाही. इंधनाच्या झडपेला फक्त चालू आणि बंद अशा दोनच जागा. एवढ्या साध्या कॉकपिटमध्येच प्रत्येक गोष्ट खऱ्यासारखी करणं आवाक्यात येतं.

सॉफ्टवेअरची अडचण नाही. मायक्रोसॉफ्टच्या २०२० च्या सिम्युलेटरमध्ये सेस्ना १५२ मूळ संचातच मिळतं. फ्लाइटगिअर हा मोफत आणि मुक्त सिम्युलेटर आहे. त्यात सेस्ना १७२ बरंच तपशिलात बनवलेलं आहे.

मापं कुठून आणावीत

पहिला आधार विमानाची वैमानिक-पुस्तिका. सेस्ना १५२ च्या पुस्तिकेत सातव्या प्रकरणात पॅनेलचं आकड्यांनी दाखवलेलं चित्र आहे, तर वजन आणि समतोलाच्या सहाव्या प्रकरणात केबिनची आतली मापं आहेत. चित्रावरून प्रमाण काढायला एक हुकमी माप हाताशी असतं. विमानांच्या मुख्य डायलचं भोक जगभर ३ १/८ इंच, म्हणजे ७९.४ मिलिमीटर, आणि लहान डायलचं २ १/४ इंच, म्हणजे सुमारे ५७ मिलिमीटर. रेडिओंची रुंदी सव्वासहा इंच ठरलेली. चित्रातला एक डायल मोजला की उरलेल्या पॅनेलचं प्रमाण हाती आलं.

क्लबमध्ये प्रत्यक्ष विमान पाहायला मिळालं तर उत्तमच. पण विमानतळाच्या आवारात फोटो आणि मापं परवानगीशिवाय घेऊ नका. आधी अर्ज करा, काय मोजायचं त्याची यादी सोबत न्या. यादीत पॅनेलपेक्षा या गोष्टी वर ठेवा: सीटपासून पेडलपर्यंतचं अंतर, योक (विमानाचं स्टिअरिंग) आणि मांडी यांमधली जागा, बसल्यावर डोळ्याची जमिनीपासूनची उंची आणि पॅनेलची वरची कड डोळ्याच्या किती खाली येते. ही मापं फोटोत सापडत नाहीत.

आधी हाताची वाट लिहून काढा

चेकलिस्ट समोर ठेवा आणि इंजिन सुरू करण्यापासून बंद करण्यापर्यंत हात कुठे-कुठे जातो ते क्रमाने लिहा. मग प्रत्येक वस्तू चारांपैकी एका गटात टाका.

पहिला गट, न बघता हाताळायच्या वस्तूंचा: योक, रडर पेडल, थ्रॉटल, कार्ब हीट (कार्ब्युरेटर गरम करणारी मूठ), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण बदलणारी मूठ), फ्लॅपचा दांडा, ट्रिमचं चाक. यांची जागा, आकार, ओढ आणि प्रवास खऱ्यासारखाच हवा.

दुसरा गट, बघून हाताळायच्या वस्तूंचा: मॅग्नेटोची किल्ली, बॅटरी आणि अल्टरनेटरचा लाल मास्टर स्विच, दिव्यांचे स्विच, रेडिओ, उंचीमापकाचा नॉब. इथे जागा बरोबर हवी, पण स्विच बाजारातला चालेल.

तिसरा गट, फक्त बघायच्या वस्तूंचा: डायल आणि इशाऱ्याचे दिवे. हे पडद्यावर दाखवले तरी भागतं.

चौथा गट, ना बघायच्या ना हाताळायच्या: उजव्या टोकाचा नकाशाचा कप्पा, छताचं अस्तर, दाराचं आतलं पॅनेल. हे चित्र म्हणून छापा.

पैसा आणि वेळ याच उतरत्या क्रमाने खर्च करा. बहुतेकांचा क्रम उलटा होतो. डायलच्या कडेचे स्क्रू हुबेहूब बसतात आणि थ्रॉटल मात्र हातात घेतल्यावर लटपटतो.

डोळ्याची जागा

कॉकपिटमधलं प्रत्येक अंतर वैमानिकाच्या डोळ्यापासून मोजायचं. म्हणून सगळ्यात आधी सीट ठरवा. भंगारवाल्याकडे जुन्या मारुती ८०० ची सीट रुळासकट मिळाली तर घ्या. ती अरुंद असते, पुढे-मागे सरकते आणि १५२ च्या चिंचोळ्या केबिनला शोभते. सीटवर बसा, भिंतीवर डोळ्याच्या उंचीची खूण करा. सरळ उडणाऱ्या विमानातून क्षितिज जवळजवळ याच उंचीवर दिसतं, तेव्हा समोरच्या टीव्हीवरचं क्षितिजही तिथेच यायला हवं. टीव्ही खाली बसवला की विमान सतत नाक वर करून चाललंय असं वाटतं.

दुसरा हिशेब दृश्याच्या कोनाचा. ३२ इंची टीव्हीची रुंदी सुमारे ७१ सेंटिमीटर असते. तो डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर ठेवला तर पडदा साधारण ५४ अंशांचा कोन व्यापतो. ४३ इंची टीव्ही ९५ सेंटिमीटर रुंद असतो, ८० सेंटिमीटरवरून तो सुमारे ६१ अंश व्यापतो. सिम्युलेटरच्या सेटिंगमध्ये तोच आकडा ठेवा. जास्त दिसावं म्हणून कोन वाढवला की धावपट्टी खऱ्यापेक्षा दूर आणि लहान दिसते, आणि उतरताना विमान कधी उचलून धरायचं याचा अंदाज चुकत राहतो.

कागदी कॉकपिट

लाकडाला करवत लावण्याआधी फ्लेक्स छापणाऱ्याकडे जा. पॅनेलचं पूर्ण मापाचं चित्र व्हिनाइलवर छापून घ्या, पुठ्ठ्यावर चिकटवा आणि सीटसमोर उभं करा. छापून आल्यावर एक डायल पट्टीने मोजाच, कारण छापताना माप थोडं कमी-जास्त होऊ शकतं.

शिकाऊ वैमानिकही असेच कॉकपिटचे पोस्टर भिंतीवर लावून चेकलिस्ट घोकतात. तुम्हीही काही दिवस या पुठ्ठ्यासमोर बसून हात फिरवा. गुडघा कुठे अडतो, टीव्हीचा खालचा भाग पॅनेलआड जातो का, सीट मागे घेतल्यावर हात थ्रॉटलला पुरतो का, हे सगळं इथे उघड होतं. पुठ्ठ्यावरची दुरुस्ती कटरने होते. हीच चूक प्लायवर निघाली तर सुताराला पुन्हा बोलवावं लागतं.

सांगाडा

खालची चौकट एक इंची चौकोनी लोखंडी पाइपची वेल्डिंग करून घ्या. पेडलवर पायाचा सगळा जोर येतो आणि नुसत्या प्लायची चौकट काही महिन्यांत किरकिरू लागते. पेडल आणि सीट एकाच चौकटीला बोल्टने जोडा. नाहीतर ब्रेक दाबला की सीटच मागे सरकते. वरचे भाग १२ मिलिमीटरच्या वॉटरप्रूफ प्लायचे करा. एमडीएफ कापायला सोपा, पण पावसाळ्यात त्याच्या कडा फुगतात. तो वापरलाच तर कडांना प्रायमरचे दोन हात द्या.

सगळं सुटं करता आलं पाहिजे. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं आणि २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते वांद्रे-कुर्ला संकुलात मांडलं गेलं. गच्चीवर बांधलेलं विमान कधीतरी खाली उतरवावंच लागतं. तुमचं कॉकपिटही घर बदलताना दारातून बाहेर पडणार आहे. म्हणून सीटची चौकट, पॅनेल आणि टीव्हीचा स्टँड असे तीन भाग वेगळे ठेवा आणि दाराची रुंदी आधीच मोजून घ्या.

पॅनेल आणि डायल

पॅनेलसाठी ३ मिलिमीटर ॲक्रिलिक पुरतं. नेमप्लेट आणि ट्रॉफी बनवणाऱ्यांकडे लेझर कटिंग होतं. संगणकावर काढलेली आकृती द्या, भोकं काटेकोर निघतात. अक्षरांसाठी नेमप्लेटला वापरतात तेच दोन थरांचं ॲक्रिलिक घ्या. वरचा काळा थर कोरला की आतला पांढरा उघडा पडतो. अक्षरं पुसली जात नाहीत आणि स्टिकरसारखी उन्हाळ्यात सुटत नाहीत.

खऱ्या काट्यांचे डायल बनवण्याचा मोह पहिल्या वेळी आवरा. पॅनेलमागे जुना १९ इंची चौकोनी मॉनिटर ठेवा. त्याचा पडदा सुमारे ३७६ बाय ३०१ मिलिमीटर असतो. वेग, कल आणि उंची वरच्या ओळीत, वळण, दिशा आणि चढ-उताराचा दर खालच्या ओळीत, असे मुख्य सहा डायल त्यावर खऱ्या मापात आरामात बसतात. मॉनिटर भोकांना जवळजवळ टेकवा. अंतर राहिलं तर तिरकं पाहताना डायलचा तुकडा भोकाआड जातो.

इथे एक अडचण येते. योकचा दांडा पॅनेलमधून जिथे आत जातो, तिथेच मॉनिटरची खालची कड येऊ पाहते. म्हणून कापण्याआधी मॉनिटर, दांडा आणि सहा डायल यांची बाजूने पाहिलेली आकृती काढा. गरज पडली तर मॉनिटरची बाहेरची प्लास्टिकची कड काढून टाका, पण आतल्या विजेच्या भागांना हात लावू नका.

वेगाच्या डायलवरचे रंग अचूक ठेवा, कारण वैमानिक आकडा वाचण्याआधी रंग पाहतो. १५२ मध्ये पांढरा पट्टा ३५ ते ८५ नॉट, हिरवा ४० ते १११, पिवळा १११ ते १४९ आणि लाल रेघ १४९ वर. उंचीमापकाच्या दाबाच्या खिडकीत हेक्टोपास्कल दिसतील असं करा. अमेरिकी मॉडेलमध्ये पाऱ्याचे इंच असतात, पण भारतात नियंत्रण कक्ष दाब हेक्टोपास्कलमध्ये सांगतो. एका हेक्टोपास्कलची चूक म्हणजे उंचीत सुमारे २८ फुटांचा फरक.

जुनेपणा दाखवायचा असेल तर तोही हाताच्या वाटेवरच दाखवा. किल्लीभोवती ओरखडे, थ्रॉटलच्या मुठीवर चकाकी, फ्लॅपच्या दांड्याजवळ उडालेला रंग. सगळ्या पॅनेलवर सारखा मळ फासला की तो नाटकाचा पडदा वाटतो.

हातापायांची यंत्रणा

योकला दोन हालचाली हव्यात, फिरणं आणि आत-बाहेर सरकणं. सरकण्यासाठी कपाटाच्या ड्रॉवरचा टेलिस्कोपिक चॅनल, फिरण्यासाठी बेअरिंग आणि मध्यावर परत आणायला स्प्रिंगा. पेडल एकमेकांना जोडा, म्हणजे डावं दाबलं की उजवं मागे येईल. थ्रॉटल काळ्या गोल मुठीचा आणि मिक्श्चर लाल मुठीचा. दोन्ही ओढायचे-ढकलायचे. त्यांच्या दांड्यावर फेल्टची पट्टी आवळली की सोडलेल्या जागी ते थांबतात. क्रम डावीकडून कार्ब हीट, थ्रॉटल, मिक्श्चर, फ्लॅप असा ठेवा. उतरताना अंधारातही हात याच क्रमाने चालतो.

हालचाल मोजायला साधे पोटेन्शिओमीटर स्वस्त मिळतात, पण धूळ गेली की ते खरखरतात आणि पडद्यावरचं विमान थरथरू लागतं. योक आणि पेडलसाठी चुंबकावर चालणारे हॉल सेन्सर घ्या. त्यांत काही घासतच नाही.

स्टॉलच्या, म्हणजे पंखांची उचल तुटण्याच्या, इशाऱ्याचा आवाज विसरू नका. १५२ मध्ये तो विजेवर चालत नाही. पंखाच्या पुढच्या कडेतून हवा ओढली गेली की हार्मोनियमसारखी पट्टी वाजते, आणि ती स्टॉलच्या पाच ते दहा नॉट आधीच वाजू लागते. हा आवाज समोरच्या स्पीकरमधून नको. डाव्या खांद्याजवळ, वरच्या बाजूला छोटा स्पीकर लावा.

वायरिंग

आर्डुइनो लिओनार्डो हा बोर्ड संगणकाला जॉयस्टिक म्हणून ओळख देऊ शकतो, त्यामुळे तो कुठल्याही सिम्युलेटरशी जुळतो. साधा उनो तसं थेट करत नाही. स्विच जाळीत जोडले तर आठ पिनांवर सोळा बसतात. फक्त प्रत्येक स्विचला एक छोटा डायोड लावा, नाहीतर तीन एकदम दाबले की चौथा आपोआप दाबल्यासारखा होतो. इशाऱ्याचे दिवे आणि खरे डायल पुढे जोडायचे असतील तर मोबीफ्लाइट हे मोफत सॉफ्टवेअर आणि आर्डुइनो मेगा वापरा.

प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना क्रमांक चिकटवा आणि वहीत नोंद ठेवा. पॅनेलमागे फक्त पाच व्होल्ट खेळवा. घरातली २३० व्होल्टची वीज स्विचपर्यंत आणायचीच नाही. मास्टर स्विचने टीव्ही बंद व्हावा असा हट्ट असेल तर तेवढं काम इलेक्ट्रिशियनकडून रिलेने करून घ्या.

वर्ध्याचा उन्हाळा

मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. थ्री-डी प्रिंटरवर पीएलए प्लास्टिकचे भाग बनवले असतील तर ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतात. खिडकीतल्या उन्हात काळं पॅनेल किंवा बंद कारची डिकी तिथपर्यंत सहज पोचते. जोर येणारे भाग पीईटीजीचे किंवा धातूचे करा. कॉकपिट टिनाच्या पत्र्याखालच्या खोलीत नको, पश्चिमेच्या खिडकीसमोरही नको.

कुलरचा झोत पॅनेलच्या मागच्या बाजूला लागू देऊ नका. दमट वारा आणि बारीक तुषार जोडण्यांवर गंज चढवतात. झोत सीटच्या मागून, वैमानिकाच्या पाठीवर येऊ द्या. संगणकाला यूपीएस लावा, कारण वीज गेल्यावर साधा इन्व्हर्टर सुरू होईपर्यंतच्या क्षणात संगणक बंद पडू शकतो.

चाचणी

पहिली चाचणी डोळे मिटून. घरातल्या कुणाला तरी चेकलिस्ट वाचायला सांगा आणि हात नेमका जागेवर पडतो का ते पाहा. जिथे हात चाचपडतो तिथे माप चुकलंय.

दुसरी चाचणी हवेत. सोनेगावच्या धावपट्टीवरून उडा आणि नैर्ऋत्येला रेल्वेमार्ग धरा: बुटीबोरी, सिंदी, सेलू रोड, सेवाग्राम. १५२ च्या वेगाने हा वीसेक मिनिटांचा प्रवास आहे. वाटेत नजर बाहेर ठेवून ट्रिम लावा, रेडिओ बदला, कार्ब हीट ओढा. पवनारजवळची धाम नदी आणि सेवाग्रामला हिंगणघाट-बल्लारशाहकडे फुटणारा फाटा डाव्या खिडकीतून शोधा. हे करताना पॅनेलकडे किती वेळा पाहावं लागलं ते मोजा. संख्या दर उड्डाणाला घटायला हवी.

तिसरी चाचणी हवामानाची. सिम्युलेटरमध्ये तापमान ४४ अंश ठेवून पुन्हा उडा. सोनेगाव समुद्रसपाटीपासून हजार फुटांच्या थोडं वर आहे, पण एवढ्या उष्णतेत हवा विरळ होते आणि विमानाला ते जवळपास पावणेपाच हजार फुटांवर असल्यासारखं वाटतं. धाव लांबते, चढण मंदावते. वेगाचा काटा, थ्रॉटल आणि पेडल यांवर तुमचा हात आणि नजर बसली असेल तर हा फरक स्पष्ट जाणवतो.

या कॉकपिटमधले तास डीजीसीएच्या (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या) लॉगबुकात धरले जात नाहीत. तिथे मान्यताप्राप्त सिम्युलेटरच लागतो. पण चेकलिस्टचा क्रम, हाताची सवय आणि डायलवरून नजर फिरवण्याची शिस्त इथे पक्की होते, आणि पुढे क्लबमध्ये शिकायला गेलात तर प्रत्येक तासाचे पैसे मोजून तीच शिकावी लागत नाही.

आता कामाला लागायचं तर या आठवड्यात तीनच गोष्टी करा: वैमानिक-पुस्तिका मिळवा, चेकलिस्टवरून चार गटांची यादी करा आणि फ्लेक्सवाल्याकडे पॅनेलचं चित्र टाका. प्लाय, ॲक्रिलिक आणि आर्डुइनो यांची खरेदी पुठ्ठ्यासमोर हात सरावल्यावर करा. तोवर तुमच्या यादीतल्या अर्ध्या वस्तू अनावश्यक ठरलेल्या असतील.